बसमधल्या काकू

आईने पर्समधून तांदळाची पुडी काढली, आणि नेत्राने ओळखलं की आता आपली धडगत नाही.

फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन हे गाव स्पॅनिश लोकांनी वसवलेलं. अरुंद गल्ल्या, लाकडी सज्जे, समुद्राकाठी दगडी किल्ला... आणि गावाच्या या टोकाला, वेलींनी पार झाकून गेलेलं एक इवलंसं चर्च. आत मेरीची मूर्ती होती. मांडीवर बाळ, आणि ती त्याला पाजते आहे. नेत्राच्या युनिव्हर्सिटीतल्या भारतीय मुलांनी, पदवीदानासाठी आलेल्या आईवडिलांना फिरवायला म्हणून दिवसभरासाठी बस केली होती. बसने सकाळी सगळ्यांना सोडलं. संध्याकाळपर्यंत ज्याने त्याने पायी गाव बघायचं. बाकीची मंडळी थेट बाजाराकडे वळली. वसुधाताई मात्र लेकीला घेऊन आधी देवीला आल्या. मेरीला त्या पहिल्यापासून देवीच म्हणत होत्या.

"लेकुरवाळी आहे गं ही," त्या म्हणाल्या. "हिची ओटी न भरता कशी जाऊ मी?"

वर्ध्याच्या बालवाडीत उभा जन्म गेल्यामुळे हळू बोलणं हा प्रकार वसुधाताईंना येतच नव्हता. साडीवर घातलेले पांढरे स्पोर्ट्स शूज त्यांनी दारात काढले आणि पदर खोचून मूर्तीपुढे बसल्या. खण निघाला, तांदूळ निघाले, हळकुंड, सुपारी. नारळ काही मिळाला नव्हता, म्हणून संत्रं. थोडे तांदूळ सांडून बाकाखाली गेले. एका बाईने फोटो काढायला फोन वर केला. देखरेखीला असलेल्या एक गोऱ्या आजीबाई जवळ आल्या आणि काय चाललंय म्हणून त्यांनी अगदी गोडीत विचारलं. वसुधाताईंनी बालवाडीच्या आवाजात उत्तर दिलं, "शी इज मदर. आय ॲम ऑल्सो मदर."

चर्चभर घुमलं ते. नेत्राच्या कानाच्या पाळ्या तापल्या... आणि ती सरळ बाहेर पडली.

बाहेर मोठाल्या ओक वृक्षांच्या फांद्यांवरून करडं शेवाळ जटांसारखं लोंबत होतं. खाडीवरून खारा वारा येत होता. दाराशीच बाकावर एक मुलगा बसला होता. उंच, सावळा, उन्हाने नाकाचा शेंडा लाल झालेला. तो बूट काढत होता. नेत्रा थबकली. चर्चच्या दारात बूट काढणारा माणूस म्हणजे आपल्यापैकीच कोणीतरी, हे काय तिला कळायला वेळ लागतो!

त्याने वर पाहिलं. "एक्स्क्यूज मी... आत ओटी भरतायत ना?"

मराठी शुद्ध होती, पण 'ट' थोडा जिभेवरून घसरत होता. ते घसरणं नेत्राला उगाचच आवडलं.

"तू मराठी?"

"घरी. म्हणजे नेपरव्हिलच्या घरी, शिकागोजवळ. तिथेच वाढलो. आता बॉथेलला असतो, एका लॅबमध्ये. इथे जवळच एका कॉन्फरन्सला आलोय. अनीश."

"नेत्रा. बॉथेल... म्हणजे सिॲटलजवळचं?"

"असं का विचारतेस? नाही वाटत का मी तिथला?"

"नाही, मी ऑगस्टमध्ये तिथेच येतेय. नोकरी लागलीय."

"ओह." त्याने एक बूट हातात धरून विचार केल्यासारखं केलं. "मग मी ऑगस्टपर्यंत थांबायला हवं होतं. उगाच इतक्या उन्हात एवढं ड्राइव्ह करून आलो."

नेत्रा हसली. पहिल्याच भेटीत इतकं हसू नये, असं तिला शिकवलेलं होतं. पण ते शिकवणारी आत संत्रं वाहत होती.

"त्या काकू," अनीशने दाराकडे पाहत विचारलं, "तुझी आई आहे का?"

त्याच्या आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता. हे नेत्राला ऐकू यायला हवं होतं. पण तिच्या कानात अजून ते 'ऑल्सो मदर' घुमत होतं. तो फोन वर धरलेला हात डोळ्यांसमोर होता, साडीखालचे ते पांढरे शूज होते... आणि समोर हा नेपरव्हिलचा मुलगा.

"छे," ती म्हणाली. "त्या... आमच्या बसमधल्या काकू आहेत."

म्हणाली आणि वळली. वसुधाताई दारात उभ्या होत्या, शूज हातात घेऊन.

वसुधाताईंनी खाली बसून शूज चढवले, लेस बांधली. दुसरी लेस बांधायला जरा वेळ लागला. मग त्या उठल्या, पदर सारखा केला आणि अनीशकडे पाहून म्हणाल्या, "होय ना बाप्पा, बसमधलीच आहे मी. आणि तू काय गं पोरी, नाव काय म्हणालीस तुझं?"

"ने... नेत्रा."

"छान आहे. कोणी ठेवलं?"

नेत्राला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हे नाव ज्या बाईने हट्ट करून ठेवलं होतं, सासरच्या सगळ्यांशी भांडून ठेवलं होतं, ती समोर उभी राहून विचारत होती.

"आईने," ती कसंबसं म्हणाली.

"हुशार दिसते तुझी आई," वसुधाताई म्हणाल्या आणि छत्री उघडून चालू लागल्या.

*

अनीशने बूट परत चढवले. त्याला किल्ल्याकडे जायचं होतं. नेत्रालाही. वसुधाताई तर निघाल्याच होत्या. मग तिघं रस्त्याने चालू लागली. पुढे ही दोघं, मागे छत्रीत वसुधाताई.

एरवी हा दिवस नेत्राच्या आयुष्यातला फार सुंदर दिवस ठरायचा. अनीश बोलायचा हळू, आणि मधेच इतकं खट्याळ काहीतरी बोलायचा की ऐकणाऱ्याला दोन पावलं पुढे गेल्यावर कळावं. रस्ता ओलांडताना त्याचा हात तिच्या कोपरापाशी यायचा... लागायचा नाही, फक्त यायचा. तिने केस बांधले, तर म्हणाला, "मोकळेच ठेव ना. वाऱ्याला काम राहील." तिने केस पुन्हा सोडले आणि मग सोडल्याचाच तिला राग आला.

कारण प्रत्येक हसण्याच्या शेपटाला एक आवाज होता. मागे शूज वाजत होते. चट, चट. ते शूज आईला थोडे मोठे होतात, हे नेत्राला माहीत होतं.

अनीश दर थोड्या वेळाने थांबायचा. "काकू, दमलात का? पाणी देऊ?"

"नाही रे बेटा. चालून राहिले ना मी." मग वसुधाताई त्याच्या बरोबरीने यायच्या आणि चौकशा सुरू करायच्या. एरवी या चौकशा नेत्राने पहिल्याच वाक्याला बंद पाडल्या असत्या. पण बसमधल्या काकूंना बंद कोण पाडणार? घरी कोण असतं, आई काय करते, लॅबमध्ये नेमकं काय करतोस, स्वयंपाक येतो का, भात कसा करतोस, कुकरमध्ये की पातेल्यात... अनीश एखाद्या शहाण्या मुलासारखी उत्तरं देत होता. भात तो कुकरमध्येच करायचा, आणि शिट्ट्या मोजायला विसरायचा.

"आणि काकू, तुम्ही कोणाकडे आलात?" त्याने विचारलं.

"मुलीकडे. तिचं पदवीदान झालं ना परवा."

"मग ती आज नाही आली?"

नेत्राने एका दुकानाच्या काचेकडे बघायला सुरुवात केली. काचेत स्पॅनिश पंखे मांडले होते.

"तिला काम असतं," वसुधाताई म्हणाल्या. "फार अभ्यास करते. इथं एकटीनं राहून, स्वतःचं स्वतः करून शिकली. आमच्या घरात कोणी एवढं शिकलेलं नाही."

"तरी पण," अनीश म्हणाला, "आई इंडियाहून आली आणि तिला एक दिवस नाही? सॉरी काकू, पण हे थोडं सेल्फिश आहे."

"नाही रे, तशी नाही ती." वसुधाताईंचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला. "लहानपणी मी बालवाडीतून आले की माझे पाय दाबून द्यायची. न सांगता. आता मोठी झाली. मोठ्या मुलींना पन्नास गोष्टी असतात."

"तुला काय वाटतं, नेत्रा?"

"कशाबद्दल?" नेत्रा काचेशीच बोलली.

"काकूंच्या मुलीबद्दल."

"मी... तिला ओळखत नाही."

हे मात्र त्या दिवशी तिने बोललेलं सगळ्यात खरं वाक्य होतं.

*

किल्ल्याच्या भिंती शिंपल्यांच्या दगडाच्या. जवळ गेलं की दिसतं, दगड कसला, लाखो चिमुकले शिंपले एकमेकांना घट्ट धरून बसलेत. अनीश सांगत होता, की हा दगड मऊ असतो, तोफेचा गोळा आला तर फुटत नाही, आत ओढून घेतो. त्याने नेत्राचा हात धरला आणि अलगद भिंतीवर ठेवला. "बघ. फील कर."

नेत्राला भिंत काही फारशी कळली नाही. त्याच्या तळव्याची ऊब कळली.

तो तिकिटाच्या खिडकीकडे गेला, तशी ती धावतच पाण्याच्या नळापाशी बाटली भरत असलेल्या आईकडे गेली. "आई... आई, सॉरी गं. मला काय झालं कळलंच नाही. मी आत्ता सांगते त्याला."

वसुधाताईंनी बाटलीवरून नजर काढली नाही. "आता काय सांगशील? आता सांगून दोघींचं हसं होईल फक्त. राहू दे. दिवस आहे तो निघून जाईल."

"तू रागावलीस?"

"पाणी सांडून राहिलं, सरक."

नेत्रा सरकली. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची आणखी लाज वाटली. लाजेचं असंच असतं मेलीचं. एकीला घरात घेतलं की ती आपल्या बहिणींना घेऊन येते.

वर तटावर जायच्या पायऱ्या उंच होत्या. अनीशने वसुधाताईंना हात दिला. ती दोघं पुढे, नेत्रा मागे. अर्ध्यावर दम खायला थांबून दोघं काहीतरी कुजबुजली, आणि अनीशचे कान लाल झालेले तिला खालून दिसले. वर पोहोचल्यावर काय बोललात म्हणून विचारायचा अधिकारसुद्धा तिला नव्हता. बसमधल्या काकूंच्या खासगी गोष्टी, तिचा काय संबंध!

दुपारी गावातल्या जुन्या बाजाराच्या गल्लीत ते फिरत होते, तेव्हा आभाळ एकाएकी भरून आलं आणि फ्लोरिडातला तो आडदांड पाऊस कोसळला. न विचारता, न सांगता. तिघं धावत एका सज्ज्याखाली शिरली. नेत्रा शेवटी आली, निथळत. केसांतून पाणी गळ्यात, गळ्यातून पाठीवर. तिला शिंक आली.

शिंक ऐकताच वसुधाताईंचा हात वर आला. पदराचं टोक मुठीत धरलेला तो हात थेट नेत्राच्या डोक्याकडे निघाला... आणि मध्येच थांबला. हवेत, वीतभर अंतरावर. मग तो खाली गेला, पर्समध्ये गेला, आणि कागदी रुमाल घेऊन बाहेर आला.

"घे गं पोरी," त्या म्हणाल्या. "पुसून घे. सर्दी होईल."

नेत्राने रुमाल घेतला. तिला एकदम रडू फुटलं. पाऊस होता म्हणून बरं, चेहऱ्यावर कशाचं पाणी आहे ते कोणाला कळत नाही. शाळेतून भिजून घरी आल्याचं वगैरे तिला काही आठवलं नाही. तिला एवढंच कळलं, की आपण आईचा हात अडवलाय. जगातल्या कुठल्याच मुलासाठी तो अडवायला नको होता.

*

पाऊस आला तसाच गेला. गल्ली चकाकू लागली, दगडांतून वाफ निघू लागली. वसुधाताई चौकातल्या एका बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं तो पूल बघून या. सिंहांचा. मी बसते इथं. पायाला आराम."

"काकू, एकट्या?" अनीश म्हणाला.

"मला काय होतंय? जा तुम्ही."

मग ती दोघंच पुलावर गेली. पुलाच्या तोंडाशी दोन संगमरवरी सिंह. खाली करडं-निळं पाणी, शिडाच्या होड्या, आणि पावसानंतरचा तो धुतलेला उजेड. असा उजेड प्रेमात पडलेल्यांसाठीच असतो, पण त्यात माणसाचा चेहरा फार स्पष्ट दिसतो, आणि नेत्राला आज स्पष्ट दिसायचं नव्हतं.

अनीश कठड्याला टेकला. मग म्हणाला, "मला हे मराठीत नीट सांगता येणार नाही..."

"मग इंग्लिशमध्ये सांग."

"नको. इंग्लिशमध्ये सगळे सांगतात." तो हसला, आणि गंभीर झाला. "तू मला आवडलीस. आय मीन... खूप. केस, हसणं, ते सगळं आहेच. पण खरं सांगू का कशामुळे? त्या काकूंमुळे. त्या तुझ्या कोणी नाहीत. तरी तू दिवसभर त्यांच्यासाठी थांबून, त्यांच्या वेगाने चालतेस. मी मघाशी बघत होतो, सारखी मागे वळून बघत होतीस, त्या येतायत ना म्हणून. त्यांच्या स्वतःच्या मुलीला जे जमलं नाही..."

"अनीश."

"थांब ना, मला बोलू दे, नाहीतर विसरेन..."

"ती मुलगी मी आहे."

"कोण मुलगी?"

"जिला एक दिवस नाही. सेल्फिश." नेत्राने कठडा घट्ट धरला. "त्या माझी आई आहेत. ती माझी आई आहे. सख्खी."

अनीश आधी हसला. गंमत वाटली त्याला. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं.

"सकाळी तू म्हणालीस..."

"हो."

"त्यांनी ऐकलं?"

"हो."

"आणि त्या दिवसभर..." त्याने कपाळावरून हात फिरवला. "पण का?"

कारणं नेत्राने शोधून ठेवली नव्हती असं नाही. सकाळपासून ती तेच करत होती. आई इथे नवीन आहे, लोक फोटो काढतात, मी गोंधळले... पण पुलावर उभं राहिल्यावर त्यातलं एकही तिच्या तोंडून निघेना.

"लाज वाटली," ती म्हणाली. "तिच्या ओटीची. तिच्या आवाजाची, शूजची. तू मला काय समजशील याची... आणि आता माझीच वाटतेय."

"मी?" अनीशचा आवाज वाढला. "मी बूट काढत होतो, नेत्रा! मी आत जात होतो. माझी आई पण हे सगळं करते. मला इतकं भारी वाटलं होतं, की इथे कोणीतरी..." तो थांबला. "त्यांच्यासमोर मी त्यांच्या मुलीला नावं ठेवली. आणि त्या तुझी बाजू घेत होत्या."

"तू खरं तेच बोललास."

"त्याने बरं वाटत नाही." तो पाण्याकडे बघत राहिला. "मी जरा जातो. मला... आय डोन्ट नो."

तो पुलावरून पलीकडच्या दिशेने गेला. नेत्राने हाक मारली नाही. तिने जे गमावलं ते तिला नीट कळत होतं, आणि तरी सकाळपासून पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला. मग ती वळली आणि भराभर चौकाकडे निघाली. शेवटचं अंतर तर धावलीच.

वसुधाताई बाकावर होत्या. शूज काढून पाय वर घेऊन बसलेल्या. शेजारच्या गोऱ्या जोडप्याला त्यांनी चिवडा दिला होता, आणि तो किती तिखट आहे हे त्यांना नंतर सांगत होत्या.

"आई!" नेत्रा दुरूनच ओरडली.

वसुधाताई दचकल्या. "हळू गं. ऐकेल ना तो."

"ऐकलंय त्याने. सांगितलं मी."

"आणि?"

"गेला."

वसुधाताईंनी चिवड्याची पुडी मिटली. मग म्हणाल्या, "अगदी खुळी आहेस. पोट्टा चांगला होता. किल्ल्यावर मला विचारून राहिला होता, काकू, ही मुलगी तुम्हाला कशी वाटते."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, बाबा रे, माझी तिची ओळख आजचीच."

नेत्रा तिच्या पायाशी ओल्या दगडांवर बसली. लोक बघत होते. बघू देत. तिने आईचे पाय मांडीवर घेतले. टाचेला फोड आला होता, पायमोज्याखाली लाल. त्याबद्दल दिवसभर आई एका शब्दाने बोलली नव्हती.

"तुला वाईट वाटलं?"

"वाटलं. काहून नाही वाटणार? दगड आहे का मी?" वसुधाताईंनी मान वळवली. "मला काय कळत नाही का, मी इथं कशी दिसते ते? आत सगळे माझ्याकडे बघत होते, तेव्हा मलाही कसंनुसं झालं होतं. वाटलं, नेत्रा बाहेर आहे, तिच्याकडे जाऊ. म्हणून लवकर उठले. आणि तू..."

नेत्राने आईच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. तिच्या केसांवर हात यायला बराच वेळ लागला. पण आला.

*

बस किल्ल्याजवळच्या पार्किंगमधून सुटणार होती. मंडळी रांगेने चढत होती, कोणाच्या हातात पंखे, कोणाच्या हातात मिठायांचे डबे. तेवढ्यात पार्किंगच्या दुसऱ्या टोकाकडून अनीश लांब लांब ढांगा टाकत येताना दिसला. तो नेत्राकडे आलाच नाही. तो सरळ वसुधाताईंसमोर जाऊन उभा राहिला.

"काकू, मी तुमच्या मुलीला सेल्फिश म्हणालो. तुमच्यासमोर. सॉरी."

"माझ्यासमोर काय... तिच्यासमोर म्हणालास ते बरं झालं."

"अनीश," नेत्रा म्हणाली. तिचा आवाज कापत होता, म्हणून तिने तो मोठा केला. अगदी बालवाडीइतका. रांगेतली माणसं वळून बघू लागली. "ही माझी आई. वसुधा देवतळे. वर्ध्याला बालवाडीत शिकवते. माझं नाव तिने ठेवलंय. तू सकाळी विचारलंस तेव्हाच मी हे सांगायला हवं होतं."

अनीशने वाकून वसुधाताईंना नमस्कार केला, तिथेच, त्या ओल्या डांबरावर. "अरे अरे, राहू दे, शूज आहेत पायात," म्हणत त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. कुठे बघावं ते नेत्राला कळेना.

"रागावलायस?" तिने विचारलं.

"हो."

"मग परत का आलास?"

"रागावलो म्हणून तू आवडायची थांबली नाहीस." तो अजूनही हसत नव्हता. "मी पुलाच्या त्या टोकापर्यंत ट्राय केलं. जमलं नाही."

नेत्राने फोन पुढे केला, नंबरासाठी. त्याने फोनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं... बोटं पुढे आली, आणि त्याने हात मागे घेतला.

"काकू, तुमचा नंबर द्या."

"माझा?"

"हिच्यावर माझा अजून भरवसा नाही. हिच्याशी बोलायचं असेल तेव्हा आधी तुम्हाला फोन करेन. तुम्ही हो म्हणालात तर तिला देत जा."

वसुधाताईंनी चष्मा लावला, पर्समधून फोन काढला आणि एकेक आकडा मोठ्याने सांगितला. बसमधल्या सगळ्यांना पाठ व्हावा इतक्या मोठ्याने. अनीशने तिथूनच त्यांना मिस्ड कॉल दिला, त्यांनी त्याचं नाव सेव्ह केलं, आणि सेव्ह झालं का म्हणून दोनदा तपासलं. मग बसच्या दारात उभ्या असलेल्या नेत्राकडे पाहून तो दिवसभरातलं सगळ्यात खट्याळ हसू हसला आणि निघून गेला.

बस सुटली. खिडकीतून खाडी मागे जात राहिली, मग झाडं आली, मग नुसताच रस्ता. नेत्राने बराच धीर धरला.

"आई... त्याचा नंबर दे ना."

"देईन. उद्या."

"आत्ता का नाही?"

वसुधाताईंनी फोन पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली आणि डोळे मिटून घेतले.

"आज मला रुसू दे," त्या म्हणाल्या.

नेत्राने "बरं" म्हटलं, आणि आईचा दुखरा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला.